जेट स्की पळत नाही : दोष ई-20 पेट्रोलचा की गुडघाभर पाण्याचा?

26 मे ते 31 ऑगस्ट. दरवर्षी या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. 1 सप्टेंबरनंतर समुद्र शांत होईल तशा नागाव, काशीद, मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर ताडपत्र्या निघतात आणि तीन महिने उभ्या असलेल्या जेट स्की पुन्हा पाण्यात उतरतात. मग दरवर्षीचंच दृश्य दिसतं. चालक बसतो, थ्रॉटल दाबतो, इंजिन ओरडतं आणि जेट स्की पाण्यात म्हशीसारखी डुंबत राहते. मे महिन्यात जी एका झटक्यात उचल घ्यायची ती आता नाक वर करून नुसती रेटत असते.

याचं एक उत्तर आता तयार असतं : ई-20. कारने ॲव्हरेज कमी दिलं तरी ई-20, बाईक सकाळी चालू झाली नाही तरी ई-20, अशा रील्सच्या काळात जेट स्कीचं खापरही तिथेच फुटणार, हे ओघाने आलं. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण बऱ्याचदा पेट्रोल बदललं जातं, प्लग बदलले जातात, कधीकधी इंजिनही उघडलं जातं आणि खरा दोष सीटखाली नसून मागच्या बाजूला एका रिंगमध्ये असतो.

आधी हे समजून घ्या : पॉवर गेली की हँडलही जातं

जेट स्कीला पंखा लावलेली बोट समजू नका. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो आणि सुकाणूही नसतं. तळाला एक जाळी असते. इंजिनाला जोडलेला शाफ्ट आतलं इंपेलर फिरवतो, इंपेलर जाळीतून पाणी वर ओढतं आणि मागच्या नोझलमधून जोरात बाहेर फेकतं. त्या धारेच्या धक्क्याने जेट स्की पुढे जाते. हँडल वळवलं की नोझल वळतं, धार वळते आणि जेट स्की वळते.

म्हणजे धार असेल तरच वळण. धार नसेल तर हँडल कितीही फिरवा, जेट स्की ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने घसरत राहते. समोर काही दिसलं की नवशिका माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी हँडल निकामी होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1998 साली जेट स्कीच्या अपघातांचा स्वतंत्र अभ्यास केला, त्यातही या दोषावर बोट ठेवलं होतं. पुढे कंपन्यांनी थ्रॉटल सोडल्यावरही थोडं वळता येईल अशी सोय आणली, सी-डूने 2009 च्या सुमारास ब्रेकसारखं काम करणारी यंत्रणाही आणली. पण मूळ तत्त्व बदललेलं नाही.

म्हणून जेट स्कीची पॉवर कमी होणं हा फक्त मजा कमी होण्याचा विषय नाही. लाटा फुटतात त्या पट्ट्यातून बाहेर पडायला झटपट उचल लागते. ती मिळाली नाही तर जेट स्की लाटेला आडवी होते. मागे लाइफ जॅकेट घातलेला, पोहता न येणारा पर्यटक बसलेला असतो.

एक आकडा बघितला की अर्धं काम होतं

दोष शोधायची सुरुवात पान्याने करायची नसते, डॅशबोर्डवर करायची असते. तिथे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात, म्हणजे आरपीएम, ते दिसतात. आजची बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनं पूर्ण थ्रॉटलला साधारण सात-आठ हजारांच्या घरात जातात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो.

आता शांत, खोल आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम पुस्तिकेतल्या आकड्याला पोहोचतोय किंवा त्याच्याही वर जातोय, पण वेग नाही? मग इंजिन आपलं काम करतंय, त्याची ताकद पाण्यापर्यंत पोहोचत नाहीये. दोष जेट पंपात, तळाला किंवा वजनात आहे. उलट, आरपीएमच चार-पाच हजारांवर अडकतोय? मग दोष इंजिनात, इंधनात, हवेत किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये.

क्लच घासलेल्या स्कूटरचं उदाहरण घ्या. रेस दिली की आवाज वाढतो, गाडी तिथेच. अशा स्कूटरचं पेट्रोल कोणी बदलत नाही. जेट स्कीचं मात्र बदललं जातं, कारण पंप पाण्याखाली असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

आवाज आहे, वेग नाही

भाड्याने चालणाऱ्या जेट स्कीचा हा खास आजार. इंपेलर एका गोल कड्यात फिरतं, त्याला वेअर रिंग म्हणतात. इंपेलरच्या पात्यांची टोकं आणि या रिंगची भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच फट असते. तेवढी फट राहिली तरच पाणी मागे जोरात फेकलं जातं. फट वाढली की पाणी पात्यांच्या कडेवरून मागच्या मागे निसटतं, दाब पडतो, पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि इंपेलर पाण्याऐवजी त्या फेसात फिरत राहतं. इंजिनावरचा भार हलका होतो, आरपीएम उसळतो, धक्का मात्र मिळत नाही. याला कॅव्हिटेशन म्हणतात. रिंग झिजल्याची खूण अशी की हळूहळू थ्रॉटल वाढवला तर जेट स्की चालते, पण एकदम दाबला की सुरुवातीला घसरते आणि मग कुठे पकड घेते.

सी-डूच्या अनेक मॉडेलमध्ये ही रिंग प्लास्टिकची असते. ती मुद्दामच तशी केलेली असते, कारण खडा आत गेला तर महागडं इंपेलर वाचावं आणि स्वस्त रिंग खराब व्हावी. म्हणजे तिचं झिजणं गृहीतच धरलेलं आहे, ती वेळच्या वेळी बदलायची असते इतकंच.

ती इतक्या लवकर का झिजते, हा खरा मुद्दा. कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात की ठरावीक खोलीपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालवू नका. यामाहा तळाखाली किमान 60 सेंटिमीटर पाणी सांगते, सी-डू 90 सेंटिमीटर. आता आपल्या किनाऱ्यावर काय होतं ते आठवा. पर्यटकाला कमरेपर्यंत पाण्यात चालायचं नसतं. कोणाच्या हातात मोबाईल असतो, कोणाची जीन्स भिजायला नको असते. म्हणून चालक जेट स्की गुडघाभर पाण्यात आणतो, माणूस बसवतो आणि तिथूनच थ्रॉटल देतो. जाळीतून पाण्याबरोबर वाळू आत जाते आणि इंपेलरच्या वेगाने रिंगवर घासते. हे एक-दोनदा नाही, दर फेरीला होतं, आणि डिसेंबरच्या शनिवारी-रविवारी अशा फेऱ्या दिवसभर चालतात. स्वतःच्या हौसेसाठी जेट स्की ठेवणाऱ्याचा पंप वर्षानुवर्षं टिकतो आणि किनाऱ्यावरचा एका हंगामात ढिला होतो, त्यामागे मोठं कारण हे आहे. ओहोटीच्या वेळी तर हाल आणखी वाढतात.

तपासणी अवघड नाही. जेट स्की ट्रेलरवर चढवायची, इंजिन बंद करायचं, किल स्विचची दोरी काढून खिशात टाकायची. ही दोरी काढल्याशिवाय पंपाजवळ हात न्यायचा नाही, मग घाई कितीही असो. टॉर्च लावून मागून नोझलमधून आणि खालून जाळीतून आत बघायचं. पात्यांच्या कडा वाकल्यात का, तुकडा उडालाय का, रिंगवर खोल चरे आहेत का. फट मोजायला फीलर गेज पुरतं. मर्यादा मॉडेलप्रमाणे वेगळी असते.

बघताना अनेकदा वेगळंच काहीतरी सापडतं. मासेमारीच्या जाळ्याचा तुटलेला नायलॉनचा दोर शाफ्टला घट्ट गुंडाळलेला असतो, वेफर्सची पिशवी जाळीला आतून चिकटलेली असते. अशा वेळी जेट स्की थरथरते. दोर कापून काढला, पिशवी ओढली की काम फत्ते, सुटा भागही लागत नाही.

रिंग चांगली, पातीही चांगली, तरी घसरते? मग कुठून तरी पंपात हवा शिरतेय. पंप आणि तळ यांच्यातलं सील सुटलेलं असू शकतं. सी-डूमध्ये शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे कार्बनची सील असते, ती झिजली तरी हेच होतं. शिवाय त्या वाटेने पाणीही आत येऊ लागतं.

आणि आत साचलेलं पाणी हे सर्वांत साधं, सर्वांत दुर्लक्षित कारण. मागचे ड्रेन प्लग नीट घट्ट न केल्यामुळे तळात पाणी भरलं की जेट स्की जड होते. आरपीएम ठीक, पंप ठीक, पण पन्नास-साठ किलो पाणी फुकट फिरवलं जातंय. पाण्यातच नांगरून ठेवलेल्या जेट स्कीच्या तळाला समुद्री कवचं चिकटली तरी असंच होतं. रिव्हर्सचं झाकण, म्हणजे नोझलमागचा बकेट, पूर्ण वर न जाता अर्धवट अडकला तर तो धारेलाच आडवा येतो. केबल किंवा मोटर जुळवली की झालं.

आरपीएमच चढत नाही, तेव्हा

इथे पहिला प्रश्न थोडा बावळट वाटेल : चावी कोणती लावली आहे? सी-डूसोबत शिकाऊ लोकांसाठी वेग मर्यादित करणारी लर्निंग की मिळते. यामाहाच्या काही मॉडेलमध्ये रिमोटवरून कमी वेगाचा मोड लावता येतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी चुकीची चावी हातात आली म्हणून मेकॅनिकला बोलावणं परवडणारं नाही.

दुसरा प्रश्न : डॅशबोर्डवर दिवा लागलाय का, बीप वाजतेय का? इंजिन तापलं, तेलाचा दाब पडला किंवा एखादा सेन्सर बिघडला की संगणक स्वतःहून इंजिनाला लगाम घालतो. याला लिंप मोड म्हणतात. अनेक यामाहा मॉडेलमध्ये इंजिन तापल्यावर आरपीएम सुमारे 3000 वर रोखला जातो. चालकाला वाटतं पॉवर गेली. प्रत्यक्षात इंजिन स्वतःचा जीव वाचवत असतं. अशा वेळी बंद करून पुन्हा चालू करायचं, पुन्हा रेटायचं, हा उद्योग इंजिन जाळायचा राजमार्ग आहे. किनाऱ्याकडे हळू यायचं, बंद करायचं आणि एरर कोड वाचायचा.

तापण्याचं कारण पुन्हा वाळूकडेच जातं. यामाहासारख्या रचनेत समुद्राचंच पाणी पंपातून इंजिनाभोवती फिरवून ते थंड केलं जातं. त्या बारीक नळ्यांत वाळू आणि मीठ साचलं की पाणी फिरत नाही. म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करायचं असतं. त्याचा क्रम अनेकजण उलटा करतात. आधी इंजिन चालू, मग नळ. संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरू शकतं.

दिवा नाही, बीप नाही, तरी इंजिन अडखळतंय, थरथरतंय? मग प्लग. तीन सिलिंडरपैकी एक मेलं तर इंजिन चालू राहतं, पण जेट स्की उचल घेत नाही. प्लग काढले की त्यांचा रंगच सांगतो : एक काळाकुट्ट आणि ओला, बाकीचे दोन कोरडे. प्लग बदलूनही तोच सिलिंडर मरत असेल तर कॉइल आणि इंजेक्टर. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजायचं. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास असले, साधारण 10 टक्क्यांच्या आत, तर इंजिन उघडायची गरज नाही. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मग एक मिनिटही न चालवता थेट वर्कशॉप.

सुपरचार्जर असलेल्या महागड्या मॉडेलची गोष्ट वेगळी आहे. त्यांत सुपरचार्जरचा क्लच घसरला तरी आरपीएम पडतो. ती घरी किंवा किनाऱ्यावर उघडायची वस्तू नाही.

मग ई-20 अगदी निर्दोष?

नाही. ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये ते देशभर नेहमीचं पेट्रोल बनलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. त्यामुळे पेट्रोल पंपावर कॅन घेऊन जाणाऱ्या जेट स्की चालकाला फारशी निवड उरत नाही.

अडचण अशी की यामाहा आणि सी-डू यांच्या अमेरिकेतल्या पुस्तिका 10 टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल वापरू नका, असं सांगतात. अमेरिकेत 15 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं, त्या पंपावर ते बोटींमध्ये वापरायला मनाई असल्याचं लेबल असतं. इथल्या किनाऱ्यावर आयात केलेल्या, अनेकदा जुन्या जेट स्की 20 टक्क्यांवर चालतात. जुन्या रबरी नळ्या आणि सीलना ते मानवत नाही. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. मग पूर्ण थ्रॉटलला इंधन कमी पडतं आणि आरपीएम चढत नाही.

पण 'इथेनॉलमध्ये ताकद कमी, म्हणून जेट स्की पळत नाही' हे गणित मात्र फसवं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, हे खरं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असा अंदाज होता. पण ते ॲव्हरेज झालं. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला जितकं जास्त इंधन लागेल तितकं ते काही मर्यादेपर्यंत ओढून घेतं. टाकी लवकर संपेल, पण निम्मा वेग गायब होणार नाही. निम्मा वेग गायब असेल तर दुसरीकडे बघा.

इथेनॉलचा खरा उपद्रव पावसाळ्यात होतो. ते पाणी शोषतं. एका मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बनतो. 10 टक्के इथेनॉल असेल तर ही मर्यादा साधारण अर्धा टक्का पाणी, म्हणजे 50 लिटरच्या टाकीत जेमतेम पाव लिटर. ई-20 त्याहून जास्त पाणी सामावून घेतं, म्हणून थर उशिरा बनतो. मात्र एकदा बनला की तळाशी जास्त इथेनॉल जातं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही जास्त घसरतो. हवेतल्या दमटपणापेक्षा अर्धवट बसलेलं झाकण, भिजलेला कॅन आणि पागोळ्यांखाली उभी केलेली जेट स्की यांतून जास्त पाणी शिरतं.

ओळखायचं कसं? टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि काही वेळ स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ती टाकी पूर्ण रिकामी करून फिल्टर तपासायचा. वरून ताजं पेट्रोल ओतून किंवा कुठलं तरी ॲडिटिव्ह टाकून तो थर जात नाही. स्टॅबिलायझर हे मे महिन्यात, जेट स्की बंद करण्यापूर्वी टाकायचं औषध आहे, सप्टेंबरमध्ये टाकून उपयोग नाही. आणि हे सगळं करण्याआधी सीट उघडून इंजिनाची खोली मोकळ्या हवेत ठेवायची. कोंडलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीची वाट बघत असते.

ओढून आणताना आणि दुरुस्तीनंतर

समुद्रात बंद पडलेली जेट स्की दुसऱ्या जेट स्कीने सुसाट ओढत आणली जाते. इथे छोटा बिघाड मोठा होतो. इंजिन बंद असताना वेगाने ओढलं की तळातून येणारं पाणी कूलिंगच्या वाटेने एक्झॉस्टमध्ये आणि तिथून इंजिनात शिरू शकतं. यामाहाच्या पुस्तिकांत ओढण्याचा वेग ताशी 8 किलोमीटरपर्यंतच ठेवायला सांगितलेलं असतं, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडा जास्त. प्लास्टिकची पिशवी अडकून बंद पडलेली जेट स्की किनाऱ्याला येईपर्यंत दुधाळ तेलाची होते ती अशी.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीबद्दल मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या बोटीवरचं नियंत्रण सुटलं आणि ती एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. 15 जणांचा जीव गेला. ती बोट जेट स्की नव्हती. पण नुकतंच काम केलेलं इंजिन पूर्ण थ्रॉटलला कसं वागेल, याची खात्री नसल्यामुळेच चाचणी घ्यायची असते. ती पोहणाऱ्यांपासून आणि प्रवासी बोटींपासून दूर, पर्यटक न बसवता, किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधून घ्यायची.

त्याच वेळी दोन आकडे वहीत लिहून ठेवायचे : पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती आणि मोबाईलच्या जीपीएसवर वेग किती. एकटा चालक, अर्धी टाकी, शांत पाणी. नाताळच्या गर्दीनंतर याच परिस्थितीत पुन्हा मोजल्यावर आरपीएम तोच किंवा वाढलेला आणि वेग ताशी सात-आठ किलोमीटरने कमी निघाला, तर पेट्रोलच्या कॅनकडे बघायचं कारण नाही. ट्रेलर काढा, टॉर्च घ्या आणि रिंग बघा. आणि पुढच्या पर्यटकाला सांगा की जेट स्की कमरेभर पाण्यात उभी आहे, तिथपर्यंत चालत यावं लागेल.